शेवंतीची सवत

नरपडला आम्ही राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि कुंपणापलीकडे एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. उंच, सावळी, हाडापेराने मजबूत. पलंग उतरला, कपाट उतरलं, ती नुसती बघत राहिली. वॉशिंग मशीन उतरलं तशी मात्र सरळ फाटक उघडून आत आली, मशीनच्या झाकणावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "मला जळलं."

मला वाटलं हात भाजला. "कुठे?" मी विचारलं.

"इथे," तिने छातीवर हात ठेवला. "मी दगडावर कपडे आपटते आणि तू बटण दाबणार. जळणार नाय तर काय? नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं, तलासरीच्या शाळेत शिकवते हेही सांगितलं. "मग टीचर बोलते तुला," ती म्हणाली आणि निघून गेली. अर्ध्या तासात पाण्याची कळशी, भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी घेऊन परत आली. "नव्या घरात चूल कधी पेटणार तुझी? पोरगी उपाशी राहील." माझी मुक्ता तेव्हा नुकती चालायला लागली होती. जमनाताईने, हे तिचं नाव मला मागाहून कळलं, ताट ठेवलं, मुक्ताकडे एकदा बघितलं, आणि मशीनवर पुन्हा एक नजर टाकून गेली.

आम्ही तिथे चार-पाच वर्षं राहिलो. तेवढ्या काळात मला कळलं ते असं, की जमनाताईइतका मत्सर मी कुणाच्या अंगात बघितला नाही आणि तिच्याइतका तो कुणी उघड बोलूनही दाखवला नाही. बाकी आपण सगळे आतल्या आत धुमसत वरून "वा, छान" म्हणतो. ती तोंडावर सांगायची. कुणाच्या चिकूला जास्त फळ धरलं, कुणाच्या घरावर नवे पत्रे आले, कुणाच्या सुनेने मऊ भाकरी केली, सगळ्याला तिचं जळायचं. त्यात पुन्हा प्रकार होते. "जरा जळलं" म्हणजे तासाभराने विसरणार. "लय जळलं" म्हणजे आज जेवण जाणार नाही. गावात तिला पाठीमागे "जळकी जमना" म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. "खोटं काय त्यात?" म्हणायची.

ती सुकी मासळी विकायची. डहाणूच्या बंदरावरून बोंबील, जवळा, वाकट्या आणायची, अंगणात सुकवायची आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन तलासरीला निघायची. त्या दिवशी आम्ही एकाच गाडीने जायचो. ती टपावर टोपली चढवून माझ्या शेजारी बसायची. एकदा शाळा लवकर सुटली म्हणून मी बाजारातून तिच्याकडे गेले. तिच्या समोरच काशी नावाची दुसरी बाई बसायची. दोघींचं गिऱ्हाईक एकच, त्यामुळे दोघींमध्ये कायम धुसफुस. त्या दिवशी एक माणूस जमनाताईचा जवळा हातात घेऊन बघत होता. ती त्याच्याकडे न बघता समोर बघत होती.

"नको घेऊ हा," ती एकदम म्हणाली. "तिचा घे. तिचा आज माझ्यापेक्षा चांगला हाय. सकाळपासून बघते, मला नुसतं जळतंय."

तो माणूस खरंच उठून काशीकडे गेला. काशी चक्रावली. तिने त्याला जवळा बांधून दिला, मग पसाभर जवळा पानात घेऊन रस्ता ओलांडून आली आणि जमनाताईच्या टोपलीत ठेवून गेली. परत येताना गाडीत जमनाताई तो पुन्हा पुन्हा हुंगत होती. "चांगलाच हाय मेलीचा," म्हणत होती.

अशी ही बाई एकाच गोष्टीबद्दल कधी बोलली नाही. तिला मूल नव्हतं. माझी मुक्ता तिच्या अंगणात दिवसभर लुडबुडायची, सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलायची. जमनाताई तिला खाऊ घालायची, तिचे केस विंचरायची. पण "तुझ्या पोरीमुळे मला जळलं" असं चुकूनही तिच्या तोंडून आलं नाही. मशीनचं जळलं, कुकरचं जळलं, माझ्या चपलांचंसुद्धा जळलं. हे नाही.

तिचा नवरा रतनभाऊ. बुटका, अबोल, कायम धुवट सदऱ्यात. त्याच्याकडे शेवंती नावाची पांढरी घोडी होती. लग्नसराईत नवरदेव मिरवायचे आणि सुट्टीच्या दिवसांत सुरूच्या झाडांखाली उभं राहून समुद्रावर आलेल्या पोरांना फेरी मारून आणायची, हा त्याचा धंदा. घरामागे झावळ्यांनी शाकारलेला तबेला होता. रतनभाऊ पहाटे उठला की आधी तिकडे. तिचं अंग खरारायचा, खूर साफ करायचा, तेल लावून पाय चोळायचा. ते करताना तो तिच्याशी बोलायचा. जो माणूस शेजाऱ्याला "काय, कसं काय" यापलीकडे काही बोलत नसे, तो घोडीशी अखंड बोलायचा. कुठल्या लग्नात बँड बेसूर होता, कुठला नवरदेव घाबरट होता, सगळं.

"ऐकलंस?" जमनाताई आमच्या ओट्यावर बसून म्हणायची. "मला सांगत नाय. तिला सांगतो. माझे गुडघे कुरकुरतात ते त्याला माहीत नाय. तिच्या खुरात खडा गेला तर याला घास उतरत नाय. सवत हाय ती माझी."

ती तबेल्यात पाऊल टाकत नसे. कधी गेलीच तर शेवंती कान मागे पाडून फुरफुरायची. "तिला माझ्या मासळीचा वास चालत नाय," जमनाताई म्हणायची. "आणि त्याला तिच्या लिदीचा वास चालतो. घे."

एका वर्षी, पावसाळा सरत आला तेव्हा, कळलं की शेवंती गाभण आहे. रतनभाऊ मागच्या थंडीत तिला उंबरगावकडे कुणाच्या तरी घोड्याकडे घेऊन गेला होता. आता पौषात ती विणार होती. ही बातमी जमनाताईने मला सांगितली नाही, रतनभाऊने सांगितली. आपण होऊन कुंपणापाशी येऊन. त्याचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्याच्या मागे दारात जमनाताई बोंबील निवडत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. ती खाली मान घालून काम करत राहिली.

त्याच दिवाळीनंतर आळीतल्या एका सुनेचं डोहाळजेवण झालं. सगळ्या बायकांना बोलावणं होतं, मलाही होतं. जमनाताईला नव्हतं. तिला अशा वेळी कुणी बोलवत नसे आणि ती कधी विचारतही नसे. मी घरी आले तर ती ओट्यावर बसलेली.

"काय काय केलं होतं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने प्रत्येक पदार्थ नीट विचारून घेतला. साडी कुठली, ओटी कुणी भरली, झोपाळा कसा सजवला. मी मनातल्या मनात वाट बघत होते, की आता म्हणेल, लय जळलं. म्हणाली तर बरं, असंही वाटत होतं. शेवटी मीच म्हटलं, "जमनाताई, तुला वाईट वाटलं असेल."

"वाईट वेगळं," ती म्हणाली. मग तबेल्याकडे हात केला. "तिचं पण करेल बघ हा. तिची पण ओटी भरेल."

ओटी नाही भरली, पण बाकी सगळं केलं. थंडी पडू लागली तशी रतनभाऊने तबेल्याच्या उत्तरेच्या बाजूला गोणपाटाचे पडदे शिवले. समुद्राकाठी आमच्याकडे थंडी ती काय, पण पौषात वारा उत्तरेचा सुटतो तेव्हा सकाळी हात गारठतात. त्याने जमीन खणून कोरडी माती भरली, वर भाताचा स्वच्छ पेंढा पसरला. शेवंतीला कोंडा आणि गूळ मिळू लागला. दिवाळीपासून तिला लग्नांना नेणं बंद होतं. मग एक दिवस जमनाताईच्या अंगावरची घोंगडी तबेल्यात गेली आणि भांडण पेटलं. ते आख्ख्या आळीने ऐकलं.

"तिला घोंगडी, आणि मला चादर?"

"तिचे दिवस भरलेत," रतनभाऊ म्हणाला.

"माझे कधी भरले तर तू घोंगडी देणार होतास का?"

थोड्या वेळाने घोंगडी घरात परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितलं तर ती पुन्हा शेवंतीच्या पाठीवर होती. यावेळी ती कुणी टाकली ते मी विचारलं नाही.

शेवंती घरी असल्यामुळे रतनभाऊ त्या लग्नसराईत दुसऱ्याच्या घोड्यावर कामाला जात होता. झाई गावात एका वरघोड्यात, नवरदेवाच्या मिरवणुकीत, फटाके वाजले, ते घोडं बुजलं आणि रतनभाऊ त्याच्या पायांखाली आला. मांडीचं हाड मोडलं. त्याला वापीच्या दवाखान्यात नेलं. त्याचा भाऊ तिथे राहिला, कारण घोडीपाशी कुणीतरी हवं, असं रतनभाऊनेच सांगितलं. आणि कुणीतरी म्हणजे जमनाताई.

ती दवाखान्यातून परत आली ती माझ्याच ओट्यावर बसली. "शुद्धीवर आला," ती म्हणाली. "डोळे उघडले, मला बघितलं, आणि पहिलं काय विचारलं असेल? तिने खाल्लं का." तिने पदराने तोंड पुसलं. "मी दवाखान्यात जेवली का, ते त्याने विचारलं नाय टीचर. मी काल दुपारपास्नं चहावर होती."

त्या संध्याकाळी तिने साबण घेतला आणि विहिरीवर जाऊन हात कोपरापर्यंत घासले. लिंबाने घासले, राखेने घासले. स्वच्छ लुगडं नेसली. मग कोंड्याची पाटी घेऊन तबेल्यात गेली. शेवंतीने कान पाडले. जमनाताई लांबच उभी राहून म्हणाली, "मला पण तुझं तोंड बघायची हौस नाय. खा."

दुसऱ्या दिवसापासून तिने मासळी बंद केली. ऐन हंगामात अंगण रिकामं पडलं. मी तलासरीला एकटीच जायला लागले. काशीने बाजारात मला हाक मारून विचारलं, "जमना आजारी हाय?" मी सांगितलं, घोडी विणार आहे. काशीचा विश्वास बसला नाही. "जमना घोडीचं करते?" म्हणाली.

करत होती. शिव्या घालत करत होती, पण करत होती. पेंढा रोज बदलायची, पाणी कोमट करून द्यायची. रतनभाऊ दिवसातून कितीदा तरी फोन करायचा. कास भरली का, सडाच्या टोकाला मेणासारखा थेंब आला का, शेपटीजवळचं अंग सैल पडलं का. तो थेंब दिसला की समजायचं, एक-दोन दिवसांत विणार. जमनाताईच्या डोळ्यांना जवळचं नीट दिसत नसे. म्हणून मग माझ्या मोबाइलवर त्याला व्हिडिओ कॉल लावायचा, आणि मी गोणपाटावर उकिडवी बसून शेवंतीच्या पोटाखाली फोन धरायचा. पलीकडे दवाखान्यातली आजूबाजूच्या खाटांवरची मंडळी बघायला गोळा व्हायची. कुणीतरी सल्ला द्यायचा, कुणी हसायचं.

"अजून जरा उजवीकडे," रतनभाऊ म्हणायचा.

"माझं तोंड पण बघायचं का कधी?" जमनाताई मागून ओरडायची. फोनमध्ये हशा व्हायचा.

एका पहाटेपासून शेवंती बेचैन होती. बसायची, उठायची, पोटाकडे वळून बघायची. जमनाताई तिच्यापाशीच होती. उजाडल्यावर तिने मला हाक मारली. मी गेले तर म्हणाली, "दोन मिनिटं उभी राहा, चहा टाकून येते." आणि शेवंतीकडे बघून, "मी हाय तोवर ही काय करणार नाय. सवत ना." ती घरात गेली. मुक्ता रडली म्हणून मीही घराकडे वळले. घोडीला कुणीच समोर नको होतं बहुतेक. आम्ही दोघी परत आलो तेव्हा ऊन तबेल्याच्या दारापर्यंत आलं होतं आणि पेंढ्यावर एक ओलंचिंब, काळपट शिंगरू पडून मान हलवत होतं.

जमनाताईच्या हातातला चहा सांडला. कप तसाच टाकून ती गुडघ्यांवर बसली, ते कुरकुरणारे गुडघे विसरून. रतनभाऊने ठेवलेलं औषध शिंगराच्या नाळेला लावलं, गोणपाटाने त्याचं अंग पुसलं. वार नीट पडली. शिंगरी होती. थोड्या वेळात ती लटपटत उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली, आणि आईच्या पोटाखाली तोंड घालून चाचपडू लागली.

शेवंती किंचाळली आणि लाथ झाडली.

शिंगरी पेंढ्यात कोसळली. उठली, पुन्हा गेली. पुन्हा लाथ. तिसऱ्यांदा शेवंतीने दात दाखवून तिच्या मानेकडे झेप घेतली, तेव्हा जमनाताईने शिंगरीला ओढून बाजूला केलं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते आत तलासरीकडे एका पाड्यावर होते, यायला वेळ लागणार होता. पहिलटकरणी असं करतात कधी कधी, ते म्हणाले. तिला धरा, कसंही करून पिल्लाच्या पोटात चीक गेला पाहिजे, उशीर करू नका.

मी हे सांगितलं. जमनाताई उठली. तिने शेवंतीच्या तोंडाची म्होरकी आवळून धरली आणि तिचं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं. मी तिला इतक्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता.

"मला नाय मिळालं," ती घोडीला म्हणाली. "समजलं तुला? डागदर झाले, देव झाले, उपास झाले, नाय मिळालं. तुला एकदा घेऊन गेला आणि मिळालं. आणि तू लाथ मारतेस? तुला माझी घोंगडी दिली, माझा माणूस दिला, माझा धंदा दिला मी तुला. आणि हिला तू लाथ मारतेस?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवंतीचे कान हलत होते. मी दारात उभी होते.

"ये, धर हिला," जमनाताई मला म्हणाली. मी म्होरकी धरली. ती वाकली आणि शेवंतीच्या कासेला हात लावला. घोडी थरथरली, पाय आपटला. जमनाताई थांबली. हात तिथेच ठेवून थांबली. मग वर बघून म्हणाली, "टीचर, दगडासारखी झालीय ग. दुखतंय हिला." तिचा आवाज बदलला होता. "अग बाई, दुखतंय तुला. मग सांगायचं ना."

तिने गरम पाण्यात फडकं भिजवून कास शेकली. बोटांनी हळूहळू थोडा चीक काढला. तोंडाने अखंड चालू होतं, अगदी रतनभाऊ बोलायचा तसं: काशी कशी आहे, बंदरावर भाव कसा चालला आहे, दवाखान्यात जेवण कसं पाणचट आहे. शेवंतीची मान हळूहळू खाली आली. मग जमनाताईने घोडीचा पुढचा एक पाय उचलून धरला, म्हणजे तिला लाथ मारता येईना, आणि दुसऱ्या हाताने शिंगरीला कासेकडे ढकललं. एकदा सड सुटला. दुसऱ्यांदा सुटला. मग चुटूचुटू आवाज येऊ लागला.

आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच वाकून तो आवाज ऐकत राहिलो.

नंतर ती बाहेर येऊन विहिरीच्या कट्ट्यावर बसली. लुगडं भिजलेलं, केसांत पेंढा. मुक्ता धावत येऊन तिच्या मांडीवर चढली. जमनाताईने तिला घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "हिच्यामुळे मला जळतं, टीचर. पहिल्या दिवसापास्नं. रोज जळतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मग बोलली का नाय कधी?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही. मुक्ताच्या नाकाला आलेला शेंबूड तिने पदराने पुसला आणि म्हणाली, "फोन लाव त्याला. आधी त्याला विचार, 'जमना जेवली का' असं विचारणार का तू? मग दाखव."

मी फोन लावला आणि तसंच विचारलं. पलीकडून रतनभाऊ म्हणाला, "जमने, जेवलीस?" ती फोनकडे न बघता म्हणाली, "नाय. चहा पण सांडला." आणि मग त्याला सगळं सांगत बसली, किती वेळ ते विचारू नका. फोनची बॅटरी संपली तेव्हा थांबली.

रतनभाऊ घरी आला तो काठी टेकत. तोवर शिंगरी तरतरीत झाली होती आणि तिला दुनियेत फक्त दोन माणसं ठाऊक होती, एक आई आणि एक जमनाताई. रतनभाऊने हात पुढे केला की ती उडी मारून जमनाताईच्या मागे लपायची. तो बिचारा दिवसभर ओट्यावर बसून ते बघायचा. एकदा मला म्हणाला, "माझ्याकडे येतच नाय हो, टीचर," आणि त्याचा चेहरा असा झाला, की जमनाताईला हसू आवरेना. "जळतंय?" तिने विचारलं. तो म्हणाला, "लय."

मासळी तिने पुन्हा सुरू केली. घोडीने कान पाडणं सोडलं की जमनाताईने ते मनावर घेणं सोडलं, मला सांगता येणार नाही. दोघींचं प्रेम वगैरे झालं असंही नाही. "सवत ती सवतच," ती म्हणायची. पण सवतीला काय खायला हवं, तिचा कुठला पाय थंडीत आखडतो, हे आता तिला पाठ होतं.

पुढे माझी बदली झाली आणि आम्ही नाशिकला गेलो. मध्ये फोन व्हायचे, मग कमी झाले. दोन वर्षांनी मी बोर्डीला एका विद्यार्थिनीच्या लग्नाला गेले होते. सकाळची वेळ, हॉलच्या बाहेर बँड वाजत होता, नवरदेव पांढऱ्या घोडीवर बसलेला. लगाम धरून जमनाताई उभी होती. हिरवं जरीचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. रतनभाऊ कुठे दिसला नाही, पायामुळे घरीच थांबला असावा. घोडीच्या बाजूला शिंगरी, आता उंच झालेली, काळपट रंग जाऊन करडी पडलेली. नवरदेवाचा मामा हातवारे करत सांगत होता की ते पिल्लू बाजूला घ्या, फोटोत येतंय. जमनाताई त्याच्याकडे पाहतही नव्हती.

मी गर्दीच्या या बाजूला होते. हाक मारणार तेवढ्यात शिंगरीने मान वाकवून तिच्या जरीच्या पदराचं टोक तोंडात धरलं आणि चघळू लागली. जमनाताईने मान वळवली नाही. सराईतपणे हात मागे नेला, पदर सोडवून घेतला, आणि समोर बघतच तिच्या नाकावर एक हलकी चापट मारली. मग बँड पुढे सरकला आणि त्या तिघी नवरदेवाला घेऊन मांडवाकडे चालू लागल्या.